घरात न बसलेली पुंगळी

मी पुंगळी बोलतेय. काडतुसाची पितळी पुंगळी, पुन्हा पुन्हा भरलेली. मुक्काम सौदीतलं ताइफ, डोंगरावरच्या एका नेमबाजी क्लबात.

शेजारच्या खोक्यात फॅक्टरीतून भरून आलेल्या नव्या पुंगळ्या आहेत. चांदीसारख्या चकचकीत, प्रत्येकीला वेगळा कप्पा. आम्ही सगळ्या एका डब्यात, खुळखुळ. जळते मी त्यांच्यावर, उगाच लपवू कशाला?

पण एक गोष्ट माझ्याकडे होती. सहर. इथलीच पोर, क्लबाच्या संघात यायला धडपडणारी. तिचा सगळा सराव आमच्यावर झालेला. आमच्यात बारूद बेताचं, झटका हलका. निवड चाचणीलाही तिने आम्हालाच मागितलं. त्या दिवशी मी त्या खोक्याकडे मान वर करून पाहिलं.

आम्हाला भरतात अण्णासाहेब, मूळचे साताऱ्याचे. गोळी बसवली की पुंगळीचं तोंड तिच्यावर किंचित मुडपायचं असतं. किंचित! अण्णासाहेब यंत्राच्या दांड्यावर अख्खं वजन टाकतात. "दाबलं की पक्कं बसतं," म्हणतात. माणसांनाही ते असंच बसवतात.

चाचणीच्या सकाळी सहरने रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत पाच काडतुसं कशीबशी घातली. सहावी मी. चक्रीतल्या माझ्या घरात अर्ध्यावर अडले.

"अण्णा अंकल, ये अंदर नहीं जाता," सहर मोडक्या हिंदीत म्हणाली.

"हात कच्चा आहे पोरीचा," अण्णासाहेब मराठीत पुटपुटले. त्यांनी मला स्वतःच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये सोडलं. टुणकन आत! "हे बघा. जातंय की!"

"तुमचं झिजलंय, अण्णासाहेब. त्यात अंगठासुद्धा जाईल," विभावरी म्हणाली. ती नाशिकची, तपासणीवर नवी आलेली. मुलं तिलाच विचारायला जातात, ते म्हाताऱ्याला बघवत नाही. मला विचाराल तर आम्ही दोघं एकाच दुखण्याचे.

विभावरीने मला काळ्या मार्करने रंगवलं, सहरच्या नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये हलकेच ढकललं आणि बाहेर काढलं. तोंडाखाली गोल रेघेत शाई खरवडली होती.

"इथे फुगलीय. दांडा जास्त दाबलाय. तुम्ही सगळी काडतुसं तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्येच तपासता ना?"

"मला शिकवू नका, बाई. पितळ म्हातारं झालंय, दुसरं काही नाही." त्यांनी ती रेघ अंगठ्याने पुसून टाकली.

पितळ म्हातारं! आणि दांडा कोणी दाबला, मी?

तेवढ्यात सहरचं नाव पुकारलं.

"खलास. नवं खोकं उघडा," अण्णासाहेब म्हणाले.

गेल्या त्या चकचकीत बाया, एकेक करून, माझ्या घरात. त्यांचा झटका जोराचा, सहरच्या हाताला अनोळखी. पहिल्या तीन गोळ्या निशाणाच्या वर. मला बरं वाटलं. मग सहरने रिव्हॉल्व्हर खाली ठेवून तळहात पँटला पुसला, आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं. संघात दुसरी मुलगी गेली.

"मी म्हटलं नव्हतं? हात कच्चा," अण्णासाहेब म्हणाले आणि पुढची खेप भरायला बसले. दांडा तसाच, वजन तेवढंच. विभावरी बघत उभी होती.

पोरांनो, तुमचं माप घेणारा कशात घालून बघतोय, तेवढं आधी विचारा. मी आता मोडीत काढायच्या ताटलीत पडलेय. शेजारी त्या सहाजणी, रिकाम्या, अजून गरम, बारुदाचा वास मिरवत. माझ्या तोंडात गोळी तशीच.