पानबाईंचा वाचक

"तक्रार आली! अहो, तक्रार आली!" असं ओरडत पानबाई ऑफिसच्या बोळातून धावत निघाल्या, तेव्हा पाण्याच्या मशीनपाशी गप्पा छाटत उभे असलेले दोघे-तिघे घाबरून भिंतीला चिकटले. त्या वयात आणि त्या चपलांत पानबाईंना कुणी धावताना पाहिलं नव्हतं. शिवाय तक्रार आली की माणूस तोंड लपवतो, दार लावून बसतो. ही बाई वाटेत भेटेल त्याच्या हातावर चॉकलेट ठेवत चालली होती.

"कुणाची तक्रार?" कोपऱ्यातल्या टेबलावरून ड्रायव्हरवाल्यानं मान वर केली.

"माझी!"

"तुमची? काय केलंत?"

"चूक केली!" पानबाईंनी त्याच्यासमोर दोन चॉकलेटं ठेवली. "आणि कुणाच्या तरी लक्षात आली!"

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला असं वाटायचं. ही कंपनी नेटवर्क कार्डं बनवते. कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी. ती संगणकात खोचायची, तिच्यात केबल लावायची, की संगणक बाहेरच्या जगाशी बोलायला लागतो. पण संगणक पडला संशयी, नवं कार्ड तो दारात उभं करत नाही. त्या दोघांची ओळख करून देणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो लिहिणारा हा ड्रायव्हरवाला. आणि कार्ड कसं बसवायचं, कुठली कमांड द्यायची, चाललं नाही तर कुठे बघायचं, हे सगळं माणसाला कळेल अशा भाषेत सांगणारी पानं लिहायच्या त्या पानबाई. ऑफिसात लागल्या तेव्हा काळे होते ते केस आता पांढरे झाले होते, पण पान लिहायची पद्धत तीच. कार्ड हातात घेतल्याशिवाय त्या एक ओळ लिहीत नसत. पट्टी खोचायच्या, काढायच्या, पुन्हा खोचायच्या, मग वाक्य लिहायच्या, ते स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि खोडायच्या. नवे लोक हसायचे, जुन्यांना सवय झाली होती.

एवढं करून इतक्या वर्षांत त्यांच्या पानांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. त्यांचा नवरा सिटी बस चालवतो. घरी एक ड्रायव्हर, ऑफिसात दुसरा, मध्ये मी, असं पानबाई हसून सांगायच्या. नवरा जेवताना चिडवायचा, "माझ्या गाडीत माणसं चढतात, उतरतात, मला शिव्या घालतात. तुझ्या पानांना निदान शिवी तरी घालतं का गं कुणी?" त्यावरही पानबाई हसायच्या. पण ते बोलणं आत कुठेतरी लागायचं आणि भांडी घासताना परत आठवायचं.

त्यात या आठवड्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी जाहीर केलं, की ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीपासून त्याच्याबरोबर पानं पाठवायची नाहीत. "कोण वाचतं हो आजकाल? पानबाई, एक वाचक दाखवा मला. एक! पुढची सगळी पानं चालू ठेवतो." सगळे हसले. पानबाईही हसल्या. मग त्या बाथरूममध्ये गेल्या, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

आणि आज हा मेल.

तो लिहिणारा माणूस कुठल्याशा छोट्या इस्पितळात वायरमन होता. ड्रायव्हरवाल्यानं मेल मोठ्यानं वाचला.

"नमस्कार. तुमच्या कार्डाबरोबरचं पान वाचलं. दोनदा वाचलं. पान चांगलं आहे पण चुकीचं आहे. आमच्याकडे एक्स-रे काढला की फोटो डॉक्टरांपर्यंत पोचेतो पेशंट कपडे घालून, बाकावर बसून, कंटाळून घरी जातो. म्हणून तुमची वेगवान कार्डं आणली. संगणकाला केबलचं नाव सांगा असं पानात लिहिलंय, म्हणून तिथं दिलेलं हजार-बेस-टीएक्स हे नाव सांगितलं. तो म्हणतो, असं नाव मी ऐकलेलं नाही. नाव नाही सांगितलं तर कार्ड जुन्याच चालीनं रखडतं. मी चुकतोय की तुम्ही, ते कळवा. एक्स-रे विभाग उद्या बंद असतो, मला हात लावायला तेवढाच दिवस मिळतो."

"दोनदा वाचलं!" पानबाई म्हणाल्या. "ते परत वाच ना."

"पण पुढचं वाक्य ऐकलंत का? चुकीचं आहे म्हणतोय."

"ते नंतर बघू. ते 'दोनदा' वाच."

ड्रायव्हरवाल्यानं वाचलं, मग पान उघडलं आणि हसत कपाळावर हात मारला. या धंद्यात कोऱ्या कागदावर कुणी पान लिहीत नाही. नवं कार्ड आलं की जुन्या कार्डाच्या पानाची नक्कल काढायची आणि बदललं असेल तेवढं बदलायचं. आधीच्या मंद कार्डांना चालायची ती केबलची पद्धत शंभर-बेस-टीएक्स. ते नाव बरोबरच होतं. मग दसपट वेगाची कार्डं आली. त्यांच्या पद्धतीचं नाव हजार-बेस-टी, मागे एक्स नाही. पण नक्कल काढताना शंभराचं हजार तेवढं झालं आणि शेपूट जुनंच राहिलं. त्या पानावरून पुढचं पान, त्यावरून त्याच्या पुढचं. खानदानी नाकासारखं ते शेपूट घराण्यातल्या प्रत्येक पानाला येत गेलं. संगणकाला मात्र नाव तंतोतंत लागतं, लाडानं हाक मारून तो ओ देत नाही.

"पहिलं पान कुणी बिघडवलं असेल?" ड्रायव्हरवाल्यानं साळसूदपणे विचारलं.

"मी! या खात्यात दुसरं होतं कोण?" पानबाईंनी उरलेल्या चॉकलेटांपैकी एक स्वतःच्या तोंडात टाकलं आणि मेल छापून साहेबांच्या केबिनकडे निघाल्या.

साहेबांनी मेल वाचला, चष्मा काढला. "वाचक एकच, आणि तोही रडत आलाय."

"रडत का होईना, आलाय ना!"

"पण तो म्हणतोय काय? पान चुकीचं आहे. मग चुकीची पानं मी बंद करतोय तेच बरं नाही का?"

हा डाव त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. वाचक सापडल्याच्या आनंदात त्या धावत आल्या होत्या आणि त्याच कागदानं साहेब त्यांचा निकाल लावू पाहत होते.

"साहेब," त्या हळू पण ठाम आवाजात म्हणाल्या, "पान नसतं, तर तो माणूस आज आपल्याशी बोलला असता का? कार्ड भंगार आहे म्हणून खोक्यात भरून परत पाठवलं असतं त्यानं. तो पानाशी भांडतोय, कारण त्यानं पानावर विश्वास ठेवलाय."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मनानं वाईट नव्हते ते, फक्त घाईत असायचे. "नवी आवृत्ती संध्याकाळी जाते. तोवर सगळी पानं सुधारा. आणि उद्या त्या माणसाचं काम तुमच्या पानावरून झालं, तर पानं चालू. नाही झालं, तर मला पुन्हा विचारायचं नाही. कबूल?"

"कबूल!"

ड्रायव्हरवाल्याला वाटलं, हे तर चुटकीचं काम. "बघा हं जादू." त्यानं एकच कमांड दिली, सगळी पानं शोध आणि जिथं जिथं टीएक्स असेल तिथला एक्स उडव. पडद्यावर ओळी सरसर वर गेल्या आणि थांबल्या. "झालं. जेवायला चला."

"तू जा," पानबाई म्हणाल्या. "मी आलेच."

तो गेला. पानबाईंनी कपाटातून कार्डांचा खोका काढला आणि सवयीप्रमाणे एकेक कार्ड हातात घेऊन त्याचं पान उघडू लागल्या. पहिलं बरोबर, दुसरं बरोबर. तिसरं कार्ड जुन्या मंद जातीचं निघालं. पान पाहिलं आणि बाईंनी डोळे चोळले. शंभर-बेस-टी! जिथं शेपूट हवं होतं तिथलंही कापलं गेलं होतं. कालपर्यंत जी पानं बरोबर होती, ती आज सगळी बिघडली होती.

ड्रायव्हरवाला घास गिळत परत आला. पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "पानबाई, माझ्यामुळे... आता काय करायचं?"

"आता कार्डं वाचायची. ये, खुर्ची ओढ. तू कार्ड हातात घे आणि ते कुठल्या जातीचं ते सांग, मी पान बघते. आणि तो चेहरा बदल, कुणी मेलेलं नाही."

त्यानं आपली करामत उलटवून पानं पुन्हा पहिल्यासारखी केली आणि दोघं कामाला लागले. तो कार्ड उजेडात धरून "मंद" किंवा "वेगवान" असं पुकारायचा आणि बाई तेवढ्या पानापुरता बदल करायच्या किंवा हात लावायच्या नाहीत. एका कार्डावर तर दोन्ही चाली होत्या, तिथं एक नाव शेपटीचं आणि एक बिनशेपटीचं ठेवावं लागलं. मध्येच बाई गुणगुणायला लागल्या. ड्रायव्हरवाल्यानं तोपर्यंत त्यांची पानं कधी सलग वाचली नव्हती. आता वाचता वाचता तो एकदम हसला. "इथं लिहिलंय, 'केबल बसत नसेल तर ती उलटी धरली आहे का पाहा. लाजू नका, सगळ्यांचं होतं.' हे तुम्ही लिहिलंत?"

"मग कोण लिहिणार?"

"माझं कालच झालं होतं हो!"

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो बस आगारात लावून जेवायला बसला होता. "जेवलीस का?"

"अहो, तक्रार आलीय मला!"

"काय सांगतेस! शिवी घातली?"

"नाही. पान चांगलं आहे म्हणाला. दोनदा वाचलं म्हणाला."

मग नवरा आगारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "ए, ऐकलंत का रे! माझ्या बायकोचं पान वाचलं एकानं! दोनदा!" मागून टाळ्या ऐकू आल्या, कुणीतरी डबाही वाजवला. पानबाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि डोळे पुसले.

संध्याकाळी नवी आवृत्ती गेली. वायरमनला नवं पान पाठवताना बाईंनी खाली लिहिलं, "तुम्ही बरोबर, मी चुकले. अडलं तर या नंबरवर फोन करा." आणि घरचा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही पानबाई सकाळपासून फोनच्या आसपास वावरत होत्या. पुसलेलं टेबल पुन्हा पुसत होत्या. नवरा म्हणाला, "फोन वाजला की ऐकू येतो गं, त्याच्यावर पहारा नको." तेवढ्यात तो वाजलाच.

"पानं लिहिणाऱ्या बाई का? मी वायरमन बोलतोय, इस्पितळातला." आवाज दणदणीत होता. "पान मिळालं. आता असं करतो, मी मोठ्यानं वाचतो आणि तसंतसं करत जातो. तुम्ही ऐका. चुकलं की ओरडा."

"चालेल," बाई म्हणाल्या.

"'संगणक बंद करा. कार्ड खाचेवर सरळ धरा आणि दाबा. जोर लावू नका. नीट बसलं की टक् असा आवाज येईल.'" खुडबुड झाली आणि फोनमधून स्पष्ट ऐकू आलं, टक्. "आला बरं का!"

पानबाईंनी ते वाक्य लिहिताना पट्टीला कान लावला होता. ते पोरकट दिसतं म्हणून मागे कुणीतरी काढायला निघालं होतं आणि बाई त्यापायी भांडल्या होत्या. आज ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून येत होतं. हे आपणच लिहिलंय यावर त्यांचा विश्वास बसेना.

"'आता संगणक सुरू करा. केबल लावा. केबलचं नाव सांगा. हजार-बेस-टी.'" कळा दाबल्याचा आवाज आला, सावकाश, एकेक. "'कार्डावरचा दिवा हिरवा होईपर्यंत थांबा.' बरं. थांबतो."

तो थांबला. इकडे बाईही थांबल्या. काय झालं म्हणून नवऱ्यानं हातानं खुणावलं. बाईंनी तळवा वर करून त्यालाही थांबवलं. तो टॉवेल खांद्यावर टाकून तिथंच उभा राहिला.

"बाई," वायरमन म्हणाला.

"हं?"

"हिरवा झाला! थांबा, थांबा, कालचा एक फोटो पाठवून बघतो... अहो, गेला! बोट उचलायच्या आत गेला! डॉक्टर तिकडून हात हलवतायत!"

पानबाईंना हसू आणि रडू एकदमच फुटलं. नवऱ्यानं टॉवेल पुढे केला, तो त्यांनी घेतला. मग घसा साफ करून त्या म्हणाल्या, "चला, छान झालं. ठेवू मग फोन? तुमचं काम झालं."

"काम झालं हो," वायरमन म्हणाला. "पण पान अजून अर्धं राहिलंय. वाचू का पुढचं?"

पानबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यात आरामात टेकून बसल्या.

"वाचा," त्या म्हणाल्या.