चिठ्ठ्या टोचणाऱ्या खिळ्याचा संशय

जुना म्हणा, गंजका म्हणा, पण मी एक खिळा आहे, मित्रांनो. भिंतीत ठोकतात तो नव्हे. लाकडी ठोकळ्यावर टोक वर करून उभा असलेला, चिठ्ठ्या टोचून ठेवायचा खिळा. माझ्या जवळ येताना बोटे सांभाळा. मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही, तेव्हा तुम्हीही माझ्यावर ठेवू नका.

एके काळी मी सायकलच्या चाकातली तार होतो. ते चाक मोडीत निघाले तेव्हा एका तरुण मुलीने मला उचलले, कानशीवर घासून टोक काढले आणि खुर्चीच्या तुटक्या पायाच्या तुकड्यात ठोकून बसवले. ती मुलगी म्हणजे आत्या. तेव्हा तिला कुणी आत्या म्हणत नव्हते, कारण म्हणणारा पुतण्या अजून जन्माला यायचा होता. तिच्या भावाने पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करण्याचे दुकान टाकले. पुढे काउंटरवर भाऊ, मागच्या टेबलावर आत्या आणि मी, आणि मधे एक जाड पडदा. गिऱ्हाइकाची तक्रार भाऊ चिठ्ठीवर लिहायचा आणि वस्तूबरोबर आत द्यायचा. आत्या विचारायची, "कोण आलंय?" भाऊ सांगायचा. मग ती चिठ्ठीच्या कोपऱ्यात कधी कधी एखादा शब्द खरडायची, आणि काम झाले की चिठ्ठी माझ्यात खुपसायची.

अशी तीस वर्षे गेली. भाऊ मोठ्या कौतुकाने म्हणायचा, "माणूस विसरेल, पण आपला खिळा विसरायचा नाही." ऐकून मी जरा जास्तच ताठ उभा राहायचो. पण खरे सांगू का? मला आत्याचा संशय येत असे. कितीतरी चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात तिने एकच शब्द लिहिलेला असायचा, 'परत'. म्हणजे केलेले काम बिघडून परत आले, दुसरे काय असणार? शिवाय दरवेळी "कोण आलंय?" अशी चौकशी. बोलणी कोण ऐकवणार आहे, याचाच ती अंदाज घेत असावी, असे मला वाटे. पडद्यापलीकडचे मला दिसत नव्हते, ऐकू येई तेही अर्धेमुर्धे. जिने मला घडवले तिच्याच हातावर मी संशय घेत होतो. सांगायला लाज वाटते, पण खरे आहे.

पुढे भावाचे गुडघे गेले आणि तो घरी बसला. त्याचा मुलगा, म्हणजे आत्याचा पुतण्या, नोकरी सोडून काउंटरवर आला. त्याला दुकानात सगळे चकचकीत हवे होते. नव्या वस्तू विकाव्यात, जुन्या खोलत बसण्यात काय राम आहे, असे त्याचे मत. आत्या ऐकून घ्यायची आणि पेचकस फिरवत राहायची. तिच्या मनात काय आहे याचा तिने कधी कुणाला थांगपत्ता लागू दिला नाही. माझ्यावर धूळ साचू लागली.

एक दिवस पुतण्याने मला चिठ्ठ्यांसकट पिशवीत टाकले. वाटले, चाललो भंगारात. पण पिशवी उघडली ती एका मोठ्या दालनात. ज्या बिझनेस स्कूलमध्ये पुतण्या शिकला होता, तिथे केस स्पर्धा होती. केस म्हणजे डोक्यावरचे नव्हेत, मित्रांनो, आणि कोर्टातली केसही नव्हे. एखाद्या धंद्याची खरीखुरी अडचण कागदावर मांडायची, सगळ्या गटांना तोच कागद द्यायचा, आणि तीन तासांत कोण चांगला उपाय काढतो ते पाहायचे. यंदाची केस आमचे दुकान होते. सहा गट, बारा मुले. दुकानाचे तोंडही न पाहिलेली ही पोरे दुकानाचे भविष्य सांगणार! दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे तर डोंगराचा फोटोच होता. मी टोक रोखून उभा राहिलो.

माझ्या अंगावरच्या शेवटच्या शंभर चिठ्ठ्या उतरवून एकेका गटाला मोजायला दिल्या गेल्या. एका गटात एक टाय लावलेला मुलगा होता आणि एक चष्मेवाली मुलगी.

"ह्या चार चिठ्ठ्यांवर नुसतंच 'चूक' लिहिलंय," चष्मेवाली म्हणाली.

"लिहिताना चुकल्या असतील. काढ बाजूला," टायवाला म्हणाला.

उरल्या शहाण्णव. त्यातल्या सदतीस चिठ्ठ्यांवर 'परत'. झाले, त्यांना उत्तर सापडले. दहा मिनिटांच्या भाषणात टायवाल्याने ठणकावून सांगितले, "दर पाच दुरुस्त्यांमागे जवळजवळ दोन वस्तू परत येतात. दुरुस्तीचं टेबल बंद करा. तिथे नव्या वस्तू मांडा." परीक्षकांच्या उलटसुलट प्रश्नांना त्या दोघांनी न डगमगता उत्तरे दिली. थोड्या वेळात विचार करायचा, मांडायचा आणि तो दहा जणांसमोर लढवायचा, हे त्या पोरांना छान जमत होते, एवढे मला कबूल करावेच लागले. त्यांना पहिले बक्षीस मिळाले. आणि मित्रांनो, मलाही मनातून बरे वाटले. मी तीस वर्षे जे म्हणत होतो, तेच शिकलेली माणसे म्हणत होती!

पुतण्याने टाळ्या वाजवल्या आणि तिथूनच सुताराला फोन केला. दोन आठवड्यांनी सुतार येऊन आत्याच्या टेबलाच्या जागेचे माप घेणार होता. टेबल जाणार म्हणजे आत्याही जाणार, हे न सांगता कळण्यासारखे होते.

"उत्तर झकास आहे," त्यांचे सर म्हणाले. "आता हे दोन आठवडे दुकानात उभं राहून काम करा. हा तुमचा लाइव्ह प्रोजेक्ट."

लाइव्ह म्हणजे जिवंत. आधीचे मेलेले होते की काय, देव जाणे.

दुसऱ्याच दिवशी मी आत्याच्या टेबलावर परत, आणि दोघेही दुकानात हजर. टायवाला मोबाइल घेऊन, पुतण्याशी सुताराच्या कामाचे बोलत, दुकानाचे कानेकोपरे मोजत फिरू लागला. चष्मेवाली काउंटरवर चिठ्ठ्या लिहायला बसली. पहिली चिठ्ठी घेऊन ती पडद्याआड आली आणि म्हणाली, "मावशी, ही घ्या."

"मावशी नाही, आत्या. इथे सगळे आत्याच म्हणतात," आत्या म्हणाली आणि पुन्हा कामात बुडाली.

तिसऱ्या दिवशी चष्मेवाली एक पंखा घेऊन आत आली.

"कोण आलंय?" आत्याने विचारले.

"शिंपीकाका. पंखा फार घरघर करतो म्हणाले."

आत्याने चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'परत' खरडले. चष्मेवाली जागीच थबकली.

"आत्या, हा पंखा आधी आपल्याकडे येऊन गेलाय?"

"छे! पहिल्यांदाच आलाय."

"मग 'परत' का लिहिलंत?"

"पंखा पहिल्यांदा आलाय गं. माणूस परत आलाय. मागे त्यांची इस्त्री केली होती मी. आपलं काम टिकलं की नाही, हे आणखी कसं कळणार? माणूस परत आला, की समजायचं टिकलं."

"आणि केलेली वस्तू बिघडून आली तर?"

"तर 'चूक' लिहिते. चूक माझीच असते ना."

त्या मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. शंभरात चार चुका, आणि त्या चारही चिठ्ठ्या त्यांनी बाजूला काढल्या होत्या. शंभरात सदतीस शाबासक्या, आणि त्यांचे त्यांनी ठपके केले होते. एरवी ध चा मा करायला निदान अक्षर तरी बदलावे लागते. इथे एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. पण तिचे काय घेऊन बसलात? तिने तीन तासांत केलेली चूक मी तीस वर्षे करत आलो होतो. गंज चढतो म्हणजे काय होते ते मला त्या दिवशी कळले.

दुपारी आत्या जेवायला गेली, तेव्हा ती टायवाल्याशी पडद्याआडच बोलली.

"गप्प बस," तो म्हणाला. "बक्षीस जाईल, शोभा होईल. आणि म्हातारी सांगते ते खरं कशावरून?"

"मग विचारूया ना लोकांना. चिठ्ठ्यांवर फोन नंबर आहेत."

तिने एकेक फोन लावायला सुरुवात केली. टायवाला हाताची घडी घालून ऐकत राहिला. मी त्याला बरोबर ओळखले, माझ्याच जातीचा होता तो. पण आठव्या की नवव्या फोननंतर त्याने घडी सोडली, एक चिठ्ठी ओढली आणि स्वतः नंबर फिरवला. सदतीसपैकी पस्तीस जण फोनवर भेटले. प्रत्येकाने निराळी वस्तू आणली होती. आधीची घरी ठणठणीत चालत होती.

ठरल्या दिवशी सर आले, पुतण्या आला, सुतारही टेप घेऊन आला. टायवाल्याच्या हातात कागद होते, पण वाचायला सुरुवात केली चष्मेवालीने.

"सर, आमचं उत्तर चुकलं. आम्ही चिठ्ठ्या मोजल्या, पण लिहिणाऱ्याला विचारलं नाही." मग तिने सगळे सांगितले. "बक्षीस परत घेतलंत तरी चालेल."

"बक्षीस राहू दे," सर हळूच म्हणाले. "स्पर्धेत उत्तर द्यायला शिकलात. ते तपासायला इथे शिकलात."

पुतण्या पांढराफटक पडला होता. तो आत्याच्या टेबलाजवळ आला.

"आत्या, सुतार येणार हे तुला माहीत होतं?"

"मधे पडदा आहे, भिंत नाही." तिने मान वर केली नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"माझं काम कसं आहे, हे तू बारा पोरांना विचारलंस. मला विचारलंस?"

सुताराने टेप मिटून खिशात टाकला.

"नाही विचारलं," पुतण्या म्हणाला. "चुकलो मी."

आत्याने पेचकस खाली ठेवला. तीस वर्षांत काम अर्धवट टाकून तिने हात रिकामे केलेले मी पाहिले नव्हते. तिने डोळे पुसले, पायाने शेजारचे स्टूल त्याच्याकडे सरकवले आणि म्हणाली, "बस. आता विचार."

मित्रांनो, मी खिळा आहे. मला तोंड नाही, म्हणून मी तीस वर्षे संशय घेत बसलो. तुम्हाला तोंड आहे.