चार पानांत एक खून

इतिहास कुणालाच माफ करत नाही. आमच्या नांदेडच्या मासिकात मात्र त्याला हे काम चार पानांत उरकावं लागतं, कारण पाचव्या पानावर ठिबक सिंचनाची जाहिरात असते.

काशिनाथ सर स्वतःच्याच पुस्तकावर लाल पेन चालवत, तेव्हा वाळल्या कडब्यात विळा फिरल्यासारखा आवाज येई. औशाहून सकाळच्या एसटीने येऊन ते खिडकीखाली बसत. चैत्राचं पांढरं ऊन मनगटावर पात्यासारखं आडवं पडलेलं, बाहेर अर्धापूरच्या केळीचे ट्रक गुरगुरत जाताहेत, आणि सर निजामकाळाच्या अखेरीवरच्या आपल्या ग्रंथातून मासिकासाठी लेख कातरताहेत: जळती घरं, फुटलेली दारं, विहिरीत लोटलेली माणसं. कापलेल्या प्रकरणाकडे ते, घरचं जनावर कापून झाल्यावर बघावं तसं बघत.

मुरुडजवळच्या त्यांच्या गावावरच्या लेखात एकाच खुनाला जागा उरली. पुस्तकात दोन होते. रझाकारांनी सरांच्या आजोबांना चावडीपुढे तलवारीने तोडलं. रझाकार पळाल्यावर सरांच्या वडिलांनी कडब्याच्या गंजीत लपलेल्या हुसेन पिंजाऱ्याला पायाला धरून ओढून काढलं आणि कुऱ्हाडीने मारलं. हुसेन शेजारचाच, त्या घरातली प्रत्येक गादी त्याने पिंजलेली. पुस्तक उशीएवढं जाड, त्यामुळे गावात कुणी वाचलं नव्हतं. मासिक मात्र न्हाव्याच्या दुकानात जातं.

संपादक म्हणून मी आजोबांचा खून ठेवायचं सुचवलं. सरांनी आजोबांवरच रेघ ओढली.

"आजा कसा मेला ते गावाला पाठ हाय. हुसेन कुठं गेला, हे कुणी इचारत न्हाई."

कुणकुण लागून त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. आवाज टेबलापलीकडे मलाही ऐकू येत होता.

"दादा, बापाचं नाव छापायलास? तू बसशील औशात. मला गावात तोंड दाखवायचंय!"

"मलाबी तेच नाव लावायचंय, सोपान," सर म्हणाले आणि फोन पालथा ठेवला. लाल शाई सदऱ्याच्या बाहीपर्यंत चढली होती.

लेख छापून झाला. काम संपलं, सर आता येत नाहीत. त्या टेबलावर नुसतं ऊन येऊन बसतं. मेलेल्यांना काळ विसरत नाही. विसरतात शेजारी, आणि आळ काळावर येतो.

अंक गावात पोचल्यावर सोपानरावांचा पुन्हा फोन आला, या वेळी मला. वडिलांच्या नावापुढे 'राव' लावायचं राहिलंय, पुढच्या अंकात तेवढी दुरुस्ती छापा, म्हणाले.