रेवदंड्याचा गळ आणि सिंगापूरची पौर्णिमा

मी एक जुना गळ आहे. मित्रांनो, मला बघून तोंड वाकडं करू नका. अंगाला गंज चढला असला तरी माझं टोक अजून शाबूत आहे, आणि माझं सगळं दुखणं त्या टोकातच आहे.

रेवदंड्याच्या एका लोहाराने मला घडवलं आणि शाळामास्तर पद्माकरांच्या हाती दिलं. चाळीस वर्षं मी खाडीतले जिताडे मासे ओढले. मोठा जिताडा लागला की मास्तर आधी मला पुसत, मग स्वतःचा घाम. एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. पावसात मासळीच्या पोटात अंडी असतात, म्हणून ज्येष्ठ लागला की मी खुंटीवर चढे, तो थेट नारळी पौर्णिमेला उतरे. गावात कुणी त्याआधी गळ टाकला, तर मास्तर त्याच्याशी महिनाभर बोलत नसत. या नियमाचा मलाही भारी अभिमान होता.

२०१६ साली मास्तर मला बॅगेत घालून सिंगापूरला लेकीकडे आले. त्यांची जाई बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये राहायची आणि विद्यापीठात माशांवर संशोधन करायची. कोणत्या माशांवर, ते मास्तरांनी कधी विचारलं नाही. आषाढभर मी कपाटात होतो. नारळी पौर्णिमा आली. समुद्रात नारळ टाकला तर दंड होईल, म्हणून मास्तरांनी तो सिंकमध्येच फोडला. मग एमआरटीची मेट्रो आणि बस करून ते मासेमारीची परवानगी असलेल्या धक्क्यावर गेले.

दुपारी ओढ बसली. एवढा मोठा जिताडा मी जन्मात धरला नव्हता. "शाब्बास रे!" मास्तर मला म्हणाले, आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला. माशाच्या पाठीत एक पिवळी प्लास्टिकची पट्टी होती. घरी आल्यावर कचरा समजून मास्तरांनी ती उपटली. पोट चिरलं तर गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, गच्च भरलेलं. जाईला गाभोळी लहानपणापासून जीव की प्राण!

संध्याकाळी ती आली तेव्हा गाभोळी तळून ताटात वाढलेली होती. तिची नजर मात्र सिंकजवळच्या पट्टीवर गेली.

"बाबा, ही माझी एकशे चौदा."

मित्रांनो, जिताडा नर म्हणून वाढतो आणि वय झालं की मादी होतो. जाईने अशी नंबराची पट्टी लावून सोडलेल्या दोनशे नरांपैकी मादी झालेली ही एकच, चार वर्षांनी तिला पुन्हा सापडली होती. मोजमाप घेऊन तिने ती परत पाण्यात सोडली होती. तिच्या पहिल्या अंड्यांवर जाईचं सगळं काम अडलेलं होतं.

"पण आज पौर्णिमा की गं! चाळीस वर्षांत मी कधी..."

"ते आपल्याकडे, बाबा. इथे जिताडे पौर्णिमेच्या भरतीलाच अंडी सोडतात. आज सोडणार होती ती."

मास्तरांनी ताटावर ताट झाकलं. कुणीच जेवलं नाही.

परत जाताना मास्तरांनी मला नेलं नाही. मी जाईच्या टेबलाच्या खणात पडून आहे, शेजारी ती पिवळी पट्टी. जाई कधीतरी खण उघडते, पट्टी हातात घेते आणि पुन्हा ठेवते. मला हात लावत नाही.

मित्रांनो, परक्या पाण्यात गळ टाकण्याआधी कुणाला तरी विचारा. मास्तरांना विचारायला तर घराबाहेरही पडावं लागलं नसतं. मला विचारता येत नाही. मला फक्त घट्ट धरता येतं.