रुसली नाही मी, महापरसाद

संध्याकाळचं तिरपं ऊन चिखल्याच्या खाणीबाहेरच्या काळ्या ढिगांवर पडलं, की त्यांतून एक निळसर-जांभळी झाक उमटायची. मोराच्या मानेवर असते तशी, क्षणभर दिसणारी आणि मान वळली की विझणारी. तीच झाक फुलदाईच्या तळहातांवर होती. आयुष्यभर मँगनीजचे दगड निवडून निवडून तिच्या हातांवरच्या रेषांत ती काळी भुकटी अशी जाऊन बसली होती, की राखेनं घासा, साबणानं घासा, रेषा आपल्या काळ्याच. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या रेषा देव कोरतो, हिच्या तेवढ्या त्यानं काजळानं काढल्या. त्याच हातांनी ती रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेली बासी सकाळी कालवायची, आणि त्या पांढऱ्या शितांवर काळा ठिपका म्हणून कधी पडायचा नाही.

ती छत्तीसगडी. तिचा आजा पूर्वेकडून पायी चालत या खाणीवर आला, तो भुईखाली उतरला, मग बाप उतरला, आणि ती वर उन्हात दगड निवडत बसली. माझी माय आंबागडाच्या पायथ्याची. लग्न होऊन चिखल्याजवळच्या खेड्यात आलेली, धानाच्या बांधीत राबणारी आणि उरलेल्या वेळात टोपलीभर भाजी घेऊन खाण-कामगारांच्या वस्तीत विकायला जाणारी. टोपली टेकवायला मायनं जी पहिली पायरी निवडली ती फुलदाईची निघाली, आणि पुढं कित्येक वर्षं तिनं दुसरी पायरी शोधली नाही. मग एका वर्षी वस्तीतलं कोणी जगन्नाथपुरीहून वाळवलेल्या भाताची शितं घेऊन आलं. त्यांच्याकडची रीत अशी, की दोघींनी ती शितं एकमेकींच्या तोंडात घालायची, नारळ आणि लुगडी बदलायची, आणि त्या दिवसापासून एकमेकींना 'महापरसाद' म्हणायचं. नाव घ्यायचं नाही; सुखात नाही, भांडणात नाही, मेल्यावरही नाही. आईच्या महापरसादला लेकरांनी फुलदाई म्हणायचं. म्हणून तिचं नाव मला ठाऊक असूनही मी इथं लिहीत नाही.

मायचे धान रोवण्याचे दिवस आले, की मी दिवसभर फुलदाईच्या ओसरीवर. भोंगा वाजायचा, पाळी सुटायची, जमिनीच्या पोटात कुठंतरी सुरुंग उडायचा आणि मांडणीवरचे पेले एकमेकांना हलकेच टेकून किणकिणायचे. फुलदाई त्या पेल्यांकडे पाहून म्हणायची, "आजा जागा झाला." तिचं बोलणं ऐकणं हा माझा खेळ होता. खाणीवरच्या बाबूंशी ती हिंदी बोलायची, ताठ आणि तुटक. डोंगराकडून मोहफुलं घेऊन येणाऱ्या बायांशी गोंडीचे चार शब्द, तेही हसत हसत. आमच्याशी आमची झाडीची मराठी, अशी भरभर, की टोपलीतून बोरं सांडावी. पण चुलीपुढं बसून नवऱ्याशी, कोंबड्यांशी आणि माझ्याशी ती आपलं छत्तीसगडी बोलू लागली, की तिचा आवाज खाली उतरायचा, भरल्या घागरीचा असतो तसा. "आ जा नोनी, बासी खा ले," एवढंच वाक्य. पण त्यातल्या 'नोनी'त, म्हणजे 'पोरी'त, मी मावून जायची. उत्तर मात्र मी आमच्याच बोलीत द्यायची. तिनं कधी अट घातली नाही.

चिखल्याच्या आठवडी बाजारात एकदा कुठून तरी नवी आलेली एक कासारीण बांगड्या चढवता चढवता तिला विचारू लागली, तुम्ही कुठल्या, कोणाच्या, बोली कोणती. फुलदाईनं आपला मोकळा हात आधी भुईवर थापटला, मग उगवतीकडे बोट केलं आणि शेवटी भली लांब जीभ काढून दाखवली.

"बाप्पा! जीभ काहून दाखवून राहिली वं?" कासारीण दचकली.

"तूच इचारलं नं? देश हा, खाली हाय तो. पुरखे तिकडचे. अन् बोल्या साऱ्या इथं राह्यतेत, एकाच खोलीत. भांडनबी नाही करत."

माय एवढी हसली, की तिची भाजीची टोपली कलंडली. भुई, उगवती, जीभ. माणसाची यापेक्षा पूर्ण ओळख मी अजून ऐकली नाही, आणि यापेक्षा थोडक्यातली तर नाहीच.

तिचा नवरा गेला तेव्हा त्या खोलीतला एक कोपरा अंधारला. मुलगा संतोष टिप्पर चालवायचा. त्याच्या ओठांवर रस्त्याची हिंदी आणि सासुरवाडीची मराठी; आईबापांची बोली त्यानं कधी धरलीच नाही. वस्तीतले जुने छत्तीसगडीही एकेक करून निघून गेलेले, त्यामुळे ती बोली ऐकणारं माणूस असं उरलंच नाही. उरल्या कोंबड्या, आणि अधूनमधून मी. मायशी तिचं दिवसभर बोलणं चालायचं, पण ते मराठीत. ती इतक्या सहज आमच्या बाजूला येऊन बसलेली असायची, की तिला कधी ओढा ओलांडावा लागत असेल, हे आमच्या मनातही आलं नाही.

माझी शाळा आठवीतच सुटली. काही वर्षं मायबरोबर बांधीत राबले, आणि मग गावातल्या दोन पोरींबरोबर मी तमिळ मुलखात, तिरुपूरला, कपडे शिवायच्या कारखान्यात आले. निघताना फुलदाईनं माझ्या कपाळावर आपला अंगठा टेकवला. गाडी तुमसर सोडून पुढं गेली तरी मला ती जागा जड वाटत होती.

इथं आमच्या खोलीत पाच जणी राहतो. रविवारी दुपारी न्हाऊन, ओले केस उन्हाला देऊन बसलं, की हाच खेळ सुरू होतो, तू कुठली आणि काय बोलतेस. ओडिशाची एक, आसामच्या चहामळ्यातली एक, जिचे पुरखे म्हणे झारखंडाकडून तिकडं गेले. एक नेपाळची, तिचा देशच वेगळा, पण तिच्या घरचं लोणचं आमच्या घरच्यासारखं. माझी पाळी आली तेव्हा मी नकळत फरशीवर हात थापटला, खिडकीकडे बोट केलं आणि जीभ काढली. साऱ्या खदखदल्या. मग मी सांगितलं, फुलदाईचं आहे हे, आणि तिची दोन वाक्यं तिच्याच हेलात म्हणून दाखवली. कोपऱ्यात अबोलपणे कपड्यांच्या घड्या करणारी रमशीला एकदम उठून उभी राहिली. "अई, ये त हमर घर के बोली आय!" ती राजनांदगावकडची. त्या दिवसापासून तिनं मला नोनी म्हणायला सुरुवात केली, आणि परक्या मुलखात माझं अर्धं भय ओसरलं. उरलेलं अर्धं फोनमध्ये राहतं. घरचा फोन अवेळी वाजला, की आजही माझ्या हातातलं कापड सुईखाली तिरपं जातं.

तो फोन धान कापणीच्या दिवसांत आला.

"पोरी, फुलदाईले लकवा मारला," माय म्हणाली. "एक आंग गेलं. अन् बोली गेली."

"बोलतच नाही?"

"बोलते वं! दिवसभर बोलते. पन आपलं नाही बोलत. एक शबद आपला नाही. जशी तिले मराठी कधी आलीच नव्हती."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं होतं कधीकधी. मागून आलेलं आधी जातं. हिंदी गेली, मराठी गेली, गोंडीचे ते हसरे चार शब्द गेले. खोली रिकामी झाली आणि जी सगळ्यात आधी राहायला आली होती ती एकटी बोली मागं उरली. फुलदाईला मायचं बोलणं आता पाखरांच्या कलकलाटाएवढंच कळत होतं, आणि मायला तिचं तेवढंही नाही. माय रोज कापणीवरून तशीच, पायांना माती घेऊन, तिच्या खाटेशी जाऊन बसायची. फुलदाई तिचा हात धरून एकच काहीतरी पुन्हा पुन्हा विचारायची. जड जिभेच्या त्या बोलण्यातला संतोषला 'महापरसाद' तेवढा कळायचा. माय आपल्या परीनं अर्थ लावायची. "तहान लागली असंन म्हनून पानी पाजतो," मला सांगायची. "दोन घोट घेते, अन् पुन्हा तेच. पुन्हा पाजतो. तिले का पाह्यजे ते समजलं पाह्यजे वं मले. अशी नोको जायला."

मी फोन कानाला घट्ट लावून ऐकलं. माझं छत्तीसगडी ओसरीवरचं होतं, बासीचं आणि कोंबड्यांचं. अर्ध्या जिभेवरून लडखडत येणारं हे दुःख ओळखण्याएवढं ते कधी वाढलंच नव्हतं.

रविवारी मी रमशीलेच्या हातात फोन दिला. आवाज खोलीभर मोठा केला. तिकडं मायनं फोन फुलदाईच्या उशाशी ठेवला. रमशीलेनं आधी हाक मारली, "सीताराम दाई." पलीकडचं पुटपुटणं थांबलं. मग ते सुरू झालं ते अखंड, पावसाळ्यातल्या नाल्यासारखं, मध्येच दगडांना अडकत, पुन्हा वाट काढत. रमशीला ऐकत होती, हं म्हणत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत होता. शेवटी तिनं फोनवर तळवा ठेवला.

"पानी नहीं माँग रही," ती मला म्हणाली. "वो कह रही है, काबर नइ गोठियावत हस महापरसाद, रिसा गे हस का? तू बोलती क्यों नहीं मुझसे, रूठ गई क्या? क्या गलती हुई, इतना तो बता. इतने दिन से यही पूछ रही है."

मी ते मायला सांगितलं.

"मी रुसली?" मायचा आवाज फाटला. "मी तं रोज येऊन बोलूनच राहिली तिच्यासंग! तोंड दुखेस्तोवर बोलून राहिली!"

मग म्हणाली, "त्या पोरीले सांग, मले शिकव म्हना. मी नाही रुसली, हे कसं म्हनतेत?"

रमशीलेनं शिकवलं. नइ रिसाय हंव, इहें बइठे हंव. नाही रुसले, इथंच बसले आहे. मायची जीभ धानाच्या बांधीत वाढलेली. 'हंव'पाशी ती दर वेळी रुतायची. रमशीला न कंटाळता पुन्हा म्हणायची, माय पुन्हा रुतायची. आमच्या खोलीतल्या साऱ्या जणी, ओडिशाची, आसामची, नेपाळची, नकळत ओठ हलवत तेच म्हणू लागल्या होत्या. लहान मूल पहिलं पाऊल टाकताना आजूबाजूच्यांचे पाय जसे आपोआप उचलले जातात, तसं.

आणि मग आम्ही ते ऐकलं. माझ्या मायनं, नव्या नवरीच्या लाजेनं, मोडकं-तोडकं म्हटलं: "नइ रिसाय हाव, महापरसाद. इहें बइठे हाव."

पलीकडून एक दीर्घ निःश्वास आला. त्यामागून फुलदाईचा आवाज, खाली उतरलेला, भरल्या घागरीचा. "त अतेक दिन ले काबर नइ कहे?" मग इतके दिवस म्हणाली का नाहीस?

मायजवळ दुसरं वाक्य नव्हतं. तिनं पहिलंच पुन्हा म्हटलं. फुलदाईनं आणखी काही विचारलं. मायनं तेच म्हटलं. एकीचे प्रश्न वेगवेगळे होते, दुसरीचं उत्तर एकच होतं, आणि तरी त्या दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या. रमशीलेनं भाषांतर करणं सोडून दिलं होतं. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती.

दुसरं वाक्य पुढच्या रविवारी शिकायचं ठरलं. गुरुवारी पहाटे फुलदाई गेली. मधले सगळे दिवस माय तिच्या खाटेशी बसून ते एकच वाक्य म्हणत राहिली. "म्हनलं मी," ती सांगते. "रोज म्हनलं. ऐकलं का नाही, कोन सांगंन?" मी म्हणते, ऐकलं असेल गं. माझ्या स्वरातला तो 'असेल' तिलाही ऐकू जातो, मलाही.

माझ्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते. त्या पायरीवर दोघी इतकी वर्षं बसल्या. धान पेरलं, कापलं, लेकरं वाढली, नवरे गेले. दर वेळी फुलदाईच ओढा ओलांडून आमच्या काठावर आली, पाय ओले झाल्याचं कधी न सांगता. आम्ही तिच्या चार बोल्यांचं कौतुक केलं, तिच्या जिभेवर पोट धरून हसलो, आणि तिचं आमच्याकडे येणं हे ऊन अंगणात येण्याइतकं साधं धरून चाललो. येणारं माणूस चालू शकलं नाही तर आपल्याला जावं लागेल, ही गोष्ट आधी कोणाच्या लक्षात येते?

आता रविवारी दुपारी मायचा फोन येतो तो माझ्यासाठी नसतो. "रमशीलाले दे," म्हणते, आणि एक नवं वाक्य शिकते. आज काय खाल्लं. कोंबड्या झाकल्या का. आजा जागा झाला. मी एकदा न राहवून विचारलं, माय, आता कोणाशी बोलशील हे? ती म्हणाली, "तिनं इचारलेलं राह्यलं हाय नं माझ्याकडं."

काळ माणूस नेतो, पण ते ज्या वाटेनं आपल्याकडे येत राहिलं ती वाट मात्र तो नेत नाही. त्या वाटेवरून माझी माय आता रोज थोडी थोडी पलीकडे चालली आहे, आणि पलीकडच्या पायरीवर, संध्याकाळच्या त्या जांभळ्या उजेडात, तिला उशीर का झाला हे विचारायला कोणी उरलेलं नाही.