टेपवरचा धडा

पेडगावच्या अलीकडे आमची दोन खोल्यांची शाळा. शिक्षक दोघंच, मी हेडमास्तर आणि सहा वर्षं तात्पुरत्या असलेल्या गीताबाई. १९८६ साली प्रशिक्षण न झालेल्यांसाठी एक टेपरेकॉर्डर गावोगाव फिरू लागला. आठ दिवस कॅसेटी ऐकायच्या, मग वर्गात स्वतःचा धडा भरून द्यायचा. पास झालं तर कायम, नाहीतर मे महिन्यात घरी. वयामुळं बाईंची ही शेवटचीच संधी.

त्यांनी हातच्याची वजाबाकी भरली. मी दाराआडून ऐकली. पोरं मोजता मोजता हसत होती. मग कॅसेटच्या पाठीवरचं बारकं प्लास्टिक त्यांनी मोडलं. "आता ह्याच्यावर दुसरं भरता येत न्हाई," म्हणाल्या, आणि कॅसेट बाकीच्या कॅसेटींसोबत माझ्याकडं दिली.

त्या संध्याकाळी देवळात सप्ताहाचं कीर्तन. बुवांचा आवाज असा की डोळे आपोआप मिटावेत. ते भरून घ्यायला मशीन मीच नेलं होतं. निरूपण ऐन रंगात आलं आणि माझी कोरी कॅसेट संपली. पिशवीतली हाताला लागली ती घातली; बटण दबेना. ऐकून झालेला धडा असेल, त्याचं आता काय काम, असं वाटलं. आमच्याकडं सगळे करतात तसा मोडल्या जागी कागदाचा बोळा कोंबला.

रविवारी शिक्षण हापिसातले तात्याराव मशीन न्यायला आले. वाजवून बघायचा नियम. आधी टाळ वाजले, मग बुवा.

"बाई, पोरांस्नी कीर्तन शिकवायलात का?" ते खो खो हसले.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "गुरुजी, तुमी?"

मग तात्यारावांकडं वळून म्हणाल्या, "साहेब, परत भरते."

"पोरांशिवाय धडा धरत न्हाईत. अन् मला आजच पिंगळी गाठायचीय."

"मी लिहून देतो, चूक माझी हाय," मी म्हणालो.

"लिवलेलं मशीनवर वाजत न्हाई, गुरुजी."

बाई अनवाणीच बुद्धवाड्याकडं पळाल्या. सात पोरं गोळा करून आल्या तेव्हा रस्त्यावर गाडीमागचा नुसता फुफाटा होता.

मी हापिसात तीनदा गेलो. कॅसेट ऐकून एकानं बुवांचा पत्ता विचारला. दुसऱ्यानं कॉपी मागितली.

मेच्या शेवटच्या दिवशी बाईंनी हजेरीपट माझ्यापुढं ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मुंजाजीची पोरगी, कडू, तोंडानं बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. "तिला पाटीवर विचारा. तिला सगळं येतंय."