पाच शायांची पेटी

मी लाकडाची पेटी. तोंड म्हणाल तर मला झाकण आहे, पण ते दुसऱ्या कुणी उघडल्याशिवाय उघडत नाही, आणि उघडलं तरी नुसतं करकरतं. तरीही आज मला बोलायचंच आहे. आठ दिवस झाले, एक गोष्ट माझ्या पोटात आहे आणि ती ऐकून घेणारं या घरात कुणी नाही.

मला एका सुतारानं शिंप्यासाठी घडवलं. आत बारीक बारीक कप्पे पाडले, दोऱ्याच्या रिळांसाठी. शिंपी भलता काटेकोर होता. अंजिरी रीळ तपकिरी रिळांत सापडलं की दिवसभर कुणाशी धड बोलायचा नाही. त्यामुळे अक्षरांच्या आधी मी रंग ओळखायला शिकले. पुढे त्याची नजर अधू झाली, दुकान बंद झालं आणि समोरच्या जहाज कंपनीच्या कचेरीतल्या बाई मला उचलून घेऊन गेल्या.

बाई तिथे स्पॅनिश पत्रांचं मराठी करायच्या. नव्या होत्या, हुशार होत्या आणि तेव्हा जरा तोऱ्यातही होत्या. एकदा कंपनीचा एक मिस्त्री यंत्र दुरुस्त करायला अर्जेंटिनाला निघाला. तिकडून आलेल्या स्पॅनिश पत्रात लिहिलं होतं की कारखाना स्टेशनपासून तीन ‘कुआद्रा’ पुढे आहे. बाईंनी पुस्तकात बघून लिहून दिलं, तीन तबेले सोडून. बिचारा मिस्त्री सबंध दिवस घोडे शोधत फिरला. स्पेनमध्ये कुआद्रा म्हणजे तबेला, हे खरं. पण तिकडे अर्जेंटिनात कुआद्रा म्हणजे एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचा रस्ता. मिस्त्री परत आला तेव्हा सगळी कचेरी पोट धरून हसली. बाईही हसल्या, आणि मग फायलींच्या खोलीत जाऊन रडल्या. मी तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी त्या पाच रंगांच्या शाया घेऊन आल्या. त्या दिवसापासून प्रत्येक शब्दाचं एक छोटं कार्ड माझ्या कप्प्यात, आणि अर्थ ज्या देशातला त्या देशाची शाई. स्पेनची निळी, मेक्सिकोची लाल, अर्जेंटिनाची हिरवी, क्यूबाची जांभळी, चिलीची तपकिरी. देशाचं नाव कुठेच लिहायचं नाही, रंगावरून ओळखायचं. बंदराला लागलेल्या जहाजावरचे खलाशी सहीशिक्क्याला आले की बाई त्यांना चहा पाजायच्या आणि शब्द काढून घ्यायच्या. एकसारखे दिसणारे शब्द त्या शेजारी शेजारी ठेवायच्या, जुळ्या भावंडांना एका बाकावर बसवावं तसे. कुआद्रा तो असा, आणि कुआद्रो म्हणजे भिंतीवरचं चित्र. ‘बोल्सो’ निळ्या शाईत बायकांची पर्स. ‘बोल्सा’ निळ्या शाईत साधी पिशवी, पण त्याच कार्डावर लाल शाईत पुन्हा पर्स. आणि ‘ग्वाग्वा’! जांभळ्यात बस, तपकिरीत तान्हं बाळ. ते कार्ड लिहिताना बाई इतक्या हसल्या की शाईचा थेंब सांडला. माझ्या तळाशी तो डाग अजून आहे.

कोणता रंग कोणाचा, ते एका कागदावर लिहून ठेवा, असं एक सहकारी त्यांना वरचेवर सांगायचा. बाई म्हणायच्या, माझ्या डोक्यात पक्कं आहे, मी कुठे पळून चाललेय? तीस वर्षं कार्डं साठली. निवृत्तीनंतर त्यांचा शब्दकोश करायचा, एवढी एकच हौस बाईंना होती. पुढच्या मिस्त्रीला घोडे शोधत फिरायला लागू नये, असं त्या म्हणायच्या.

निवृत्तीनंतर दोनच महिन्यांत बाईंचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली; डाव्या हातानं अक्षरही उमटेना.

लेक नोकरीवर रजा टाकून आली. लेक गुणी आहे, तिच्याबद्दल वाकडा शब्द माझ्या मनात नाही. आईला ऊनऊन भरवते, केस विंचरते, आणि आईची हौस तिला ठाऊक आहे. आईच्या डोळ्यांदेखत पुस्तक झालंच पाहिजे, म्हणून तिनं कंबर कसली. तिला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नाही. कार्डांवरचे रंग बघून ती स्वतःशीच हसली, आईला हाताला लागेल ते पेन चालायचं! मग सगळी कार्डं नेऊन त्यांच्या ठळक काळ्या झेरॉक्स काढून आणल्या. टायपिस्टनं त्यावरून टाइप केलं. सगळं सुबक, स्वच्छ आणि काळं.

डॉक्टरांनी बाईंचा खोकला ऐकून सांगितलं होतं, खोलीत जुना कागद नको. म्हणून लेकीनं कार्डं पोत्यात भरली आणि पोतं बाहेर गॅलरीत ठेवलं, रद्दीवाल्यासाठी. मी रिकामी झाले. पण आई डाव्या हातानं सारखी माझ्याकडेच बोट दाखवते, हे बघून लेकीनं मला पुसून पलंगाशी ठेवलं आणि माझ्या कप्प्यांत औषधं लावली. मला आधी बरं वाटलं. निदान उपयोगी आहे म्हटलं.

आठ दिवसांपूर्वी सकाळी छापखान्यातून तपासायचे कागद आले. लेकीनं ते आईपुढे धरले. बाईंनी वाचलं, ‘कुआद्रा : तबेला, दोन चौकांमधला रस्ता’. खाली वाचलं, ‘ग्वाग्वा : बस, तान्हं बाळ’. कुठला देश, कुठला अर्थ, काही नाही. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. लेकीनं त्यांना कुशीत घेतलं आणि तीही रडली. तिला वाटलं, आनंद झाला. माझा जीव तुटत होता, पण झाकण मिटलेलं होतं.

बाईंनी हार मानली नाही. लेक आत दूध तापवायला गेली तशी त्यांनी डाव्या हातानं माझं झाकण उचललं. किती वेळ लागला म्हणून सांगू! एक निळी कॅप्सूल काढून ‘तबेला’वर ठेवली. मग एक हिरवी काढली आणि ‘रस्ता’वर ठेवली. लाल गोळी दोनदा घरंगळली. तिसऱ्यांदा ती ‘बोल्सा’च्या ओळीवर बसली. कागदावर पुन्हा देश उगवले. मी मनात म्हणत होते, बाई, शाबास, आता ती येईल आणि तिला कळेल.

ती आली. तिनं कागद पाहिला, गोळ्या पाहिल्या. क्षणभर थांबलीही. मग हळूच एकेक उचलून मोजत माझ्या कप्प्यांत परत ठेवायला लागली.

“आई, असं करू नये गं,” ती म्हणाली. “चुकून दोनदा घेतल्यास तर मी काय करू?”

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. लेक गॅलरीत गेली. पोतं फरशीवरून ओढल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा. बाई दाराकडे बघत राहिल्या. त्यांचा हात माझ्या झाकणावर होता.

तेव्हापासून बाई रोज सकाळी गोळ्या मांडायच्या आणि लेक रोज मोजून परत ठेवायची. कालपासून तिनं मला दोरीनं बांधून ठेवलंय, काळजीपोटीच.

पोरी, कागद अजून छापखान्यात परत गेलेले नाहीत. तुझ्या आईच्या डोक्यात सगळे रंग अजून जागच्या जागी आहेत, आणि तिचा डावा हात चालतो. मला सोड. उद्या सकाळी तिनं गोळ्या मांडल्या की त्या मोजू नकोस. एकदा नुसते त्यांचे रंग बघ.